हाकेला शिपाई, भाकरीला परका

पालघर स्टेशनावर उतरून सातपाटीच्या रस्त्याला लागलें म्हणजे वाटेंत शिरगांव लागतें, आणि गांवाच्या समुद्राच्या अंगाला जुना किल्ला उभा आहे. तो पोर्तुगीज अमलांत बांधला गेला, १७३९ च्या जानेवारींत मराठ्यांनीं घेतला, आणि पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांच्या हातीं गेला. किल्ला कोणीं बांधला, कोणीं जिंकला, कोणाचें निशाण चढलें, हें सांगणारे पंडित आपल्याकडे पायलीचे पन्नास आहेत. पण एक साधा प्रश्न विचारणारा विरळा. ज्या वर्षीं लढाई नसे त्या वर्षीं या किल्ल्याचा शिपाई काय खात होता, आणि त्याच्या पोराबाळांच्या तोंडीं घांस कोण घालीत होता?

हा प्रश्न पोटाचा आहे, म्हणून तो पोथींत सांपडत नाहीं. लढाई चार दिवसांची असते. तिचे पोवाडे होतात, बखरी होतात, पुतळे होतात. उरलेले तीनशें एकसष्ट दिवस शिपायाला घर चालवावें लागतें, आणि त्या दिवसांची नोंद कोणत्याच दप्तरांत नसते. ज्याला कायमचा पगार आहे त्याची गोष्ट निराळी. आम्ही आज बोलतों तें राखीव शिपायाविषयीं. एरवीं नांगर, जाळें किंवा हातोडा धरणारा आणि हांक आली म्हणजे बंदूक उचलणारा, तो राखीव शिपाई. हा शिपाई बहुधा कोणाच्या घरचा असतो, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें. राखीव शिपाई आणि सरकार यांच्यामध्यें एक करार असतो. शिपाई म्हणतो, "हांक आली कीं मी येईन." सरकार म्हणतें, "तूं घरीं असशील तेव्हां तुझी भाकरी मी शाबूत ठेवीन." यांपैकीं शिपायानें आपला शब्द पिढ्यान्‌पिढ्या पाळला आहे. सरकारें मात्र बदललीं. निशाणें बदललीं, भाषा बदलली, पण शांततेच्या काळांत दिलेला शब्द विसरण्याची खोड कांहीं बदलली नाहीं.

पोर्तुगीजांपासूनच सुरुवात करूं. वसईच्या अमलाखालचीं गांवें त्यांनीं आपल्या लोकांस पट्ट्यानें वांटून दिलीं. अट अशी, कीं गांवचें उत्पन्न खा, पण घोडा आणि हत्यारबंद माणसें बाळगा, आणि वेळ आली म्हणजे राजाच्या चाकरीला उभे राहा. कागदावर ही उत्तम राखीव फौज होती. पुढें काय झालें? पट्टेदार उत्पन्नाला सोकावले, आणि घोड्यांच्या चाकरीच्या बदल्यांत पैसे भरण्याची वहिवाट पडली. उत्पन्न खाणारे होते ते सरदार, आणि राबणारी होती ती येथली रयत. १७३७ च्या मार्चांत मराठे साष्टींत उतरले आणि ठाणें पडलें. दोन वर्षांनीं चिमाजी आप्पांच्या मोहिमेंत माहीम, केळवें, शिरगांव, तारापूर अशीं एकामागून एक ठाणीं गेलीं आणि मे महिन्यांत वसईही गेली. पोर्तुगीज शूर नव्हते असें नाहीं. तारापूरच्या वेढ्यांत मराठ्यांचे बाजी भिवराव पडले, यावरून आंतल्या लोकांची झुंज कळते. पण कागदावरची फौज तटावर चढत नाहीं, आणि ज्या रयतेला तुम्ही माणूस मानिलें नाहीं ती तुमच्यासाठीं तटावर येत नाहीं. उलट गंगाजी नाईक अंजूरकरांसारखीं येथलींच माणसें मराठ्यांकडे गेलीं आणि त्यांना वाटा दाखवूं लागलीं. तहान लागल्यावर विहीर खणूं नये असें म्हणतात. पोर्तुगीजांनीं तर असलेली विहीर बुजवून त्या जागेचें भाडें खाल्लें.

आतां मराठ्यांची रीत पाहा. पावसाळ्यांत फौज घरीं, शेतावर, दसऱ्याला सीमोल्लंघन. स्वतःचें घोडें आणि हत्यार घेऊन येणारा तो शिलेदार, सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. म्हणजे शेतकरी आणि शिपाई हीं दोन माणसें नव्हतीं; एकाच माणसाचे ते दोन हंगाम होते. किल्ल्यांची व्यवस्था तर याहून पक्की होती. किल्ल्याच्या राखणीला जे लोक असत त्यांना गडकरी म्हणत. त्यांत मराठे होते, ब्राह्मण होते, रामोशी, महार आणि मांगही होते. गडाखालच्या मेटांवर रात्रंदिवस डोळ्यांत तेल घालून बसणारा बहुधा हा शेवटच्या तीन जातींतला शिपाई. या सर्वांना किल्ल्याच्या आसपास सारामाफीच्या जमिनी असत, आणि त्या बापाकडून लेकाकडे चालत. जमीन हाच पगार, जमीन हेंच पेन्शन, आणि जमीन हाच करारनामा. ही व्यवस्था निर्दोष होती असें आम्ही म्हणत नाहीं; गडाच्या पहाऱ्यावर चालणारा महार गांवच्या विहिरीवर चालत नव्हता, हा कलंक कोणत्याही तटानें झांकत नाहीं. पण राखीव शिपायाला शांततेंत कांहीं तरी खावयास लागतें, एवढें शहाणपण त्या राज्याला होतें.

हा करार मोडला म्हणजे काय होतें, हें पाहण्यास उत्तर कोंकणांतून कोल्हापुराकडे जावें लागतें, कारण तेथें गडकऱ्यांची वहिवाट इंग्रजी अमलांतही कांहीं वर्षें टिकली होती. कोल्हापूरच्या गादीवर अज्ञान राजा असतां इंग्रजांनीं दाजी कृष्ण पंडित नांवाचा कारभारी नेमला. त्यानें राज्याची घडी बसविण्याच्या नांवाखालीं गडकऱ्यांच्या जमिनींचा कारभार मामलेदारांच्या हातीं देण्याचें ठरविलें. साहेबाच्या वहींत ही 'सुधारणा' होती. गडकऱ्याच्या घरीं तो चुलीवर पडलेला धोंडा होता. त्याला ठाऊक होतें, कीं आज जमीन मामलेदाराच्या वहींत गेली म्हणजे उद्यां ती सावकाराच्या वहींत जाणार. १८४४ सालीं सामानगडच्या गडकऱ्यांनीं दरवाजे लावून घेतले. भुदरगड उठला, पन्हाळा उठला, सावंतवाडीच्या मुलुखांत वणवा पेटला. कर्नल ओव्हान्स नांवाचा गोरा अंमलदार बंडवाल्यांच्या हातीं सांपडला आणि पन्हाळ्यावर कैदेंत पडला. शेवटीं ऑक्टोबरांत सामानगड आणि डिसेंबरांत पन्हाळा तोफांनीं घेतला. नंतर किल्ल्यांची मोडतोड झाली आणि वंशपरंपरेची गडकऱ्यांची चाकरीच बंद केली गेली. पुस्तकांत याला 'गडकऱ्यांचें बंड' म्हणतात. आमच्या मतें तो मजुरी बुडविलेल्या माणसाचा तगादा होता. ज्यानें करार मोडला त्याला सुधारक म्हणावयाचें आणि ज्यानें करार आठवून दिला त्याला बंडखोर म्हणावयाचें, ही लेखणी कोणाच्या हातीं होती तें वाचकांनीं ओळखावें.

इंग्रजांना राखीव माणसाचें मोल कळत नव्हतें असें मात्र नाहीं. मुंबई बेट हातीं आल्यावर १६६९ च्या सुमारास गव्हर्नर जेराल्ड ऑंजियर यानें भंडाऱ्यांची एक राखण उभी केली. माहीम, शिवडी आणि शीव हीं तिचीं ठाणीं. आज मुंबईचे पोलीस आपल्या इतिहासाची सुरुवात याच भंडारी पथकापासून सांगतात. ताडामाडावर चढून पोट भरणारा भंडारी हा कंपनीच्या दरवाजावरचा पहिला पहारेकरी. कंपनी दुबळी होती तोंवर भंडारी चालला, महार चालला, कोळी चालला. कंपनीची सरकार झाली, राज्य बळकट झालें, आणि मग साहेबाला एकाएकीं शोध लागला, कीं लढाऊ जाती निराळ्या आणि बिनलढाऊ निराळ्या!

हा शोध महारांच्या मुळावर आला. ज्यांनीं मुंबईच्या फौजेंत पिढ्यान्‌पिढ्या चाकरी केली, त्यांची भरती १८९० नंतरच्या वर्षांत बंद झाली. दापोलीकडचे फौजेंतून निवृत्त झालेले गोपाळबुवा वलंगकर यांनीं १८९४ सालीं त्याविरुद्ध अर्ज लिहिला. शिवराम जानबा कांबळे यांनीं पुढें तेंच गाऱ्हाणें मांडलें. साहेबाचे कान उघडले नाहींत. मग १९१४ चें महायुद्ध आलें. फौजेची जी राखीव यादी होती ती बाहेर काढली, तों तींतले पुष्कळ लोक वयानें उतरलेले आणि तालमीला मुकलेले निघाले. माणसें पाहिजेत अशी ओरड झाली, आणि काय चमत्कार! १९१७ सालीं महार पुन्हां लढाऊ झाले. १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपलें आणि १९२१ सालीं ती मोडली. म्हणजे चार वर्षांत एक जात लढाऊ झाली आणि पुन्हां बिनलढाऊ झाली. कामापुरता मामा कसा असतो, याचें याहून चांगलें उदाहरण शाळेच्या पुस्तकांत घालावयास मिळणार नाहीं.

त्याच सुमारास, १९२० सालीं, इंग्रजांनीं दोन राखीव दलें कायद्यानें केलीं. एक गोऱ्यांचें व अँग्लो-इंडियनांचें, दुसरें हिंदी लोकांचें. दुसऱ्याचें नांव इंडियन टेरिटोरियल फोर्स. त्यांत नियमित रेजिमेंटांना जोडलेल्या प्रांतिक पलटणी होत्या आणि कॉलेजांतल्या पोरांसाठीं विद्यापीठांचीं पथकें होतीं. कॉलेजांत त्या काळीं कोणाचीं पोरें होतीं, हें सांगण्यास खानेसुमारीचा ग्रंथ उघडावयास नको. तरीही या प्रांतिक पलटणींनीं एक मोठें काम केलें, तें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. मद्रासी लोकांनाही साहेबानें बिनलढाऊ ठरवून १९२८ पर्यंत त्यांच्या नियमित पलटणी मोडल्या होत्या. पण त्यांच्या प्रांतिक पलटणी राहिल्या. दुसऱ्या महायुद्धांत पुन्हां माणसांची गरज पडली तेव्हां त्याच राखीव पलटणींतून मद्रास रेजिमेंट परत उभें राहिलें. १९४१ सालीं बिहार रेजिमेंट उभें राहिलें तेंही १९ व्या हैदराबाद रेजिमेंटच्या एका प्रांतिक पलटणींतून. मोठा दरवाजा बंद असतां ज्यांची खिडकी उघडी राहिली ते घरांत परत आले. महारांची पलटण मोडल्यावर त्यांना वीस वर्षें अर्ज, सभा आणि शिष्टमंडळें यांवाचून मार्ग नव्हता. १९४१ च्या जुलैंत डॉ. बाबासाहेब आंबेडकर संरक्षण सल्लागार समितीवर गेले आणि त्या वर्षाच्या ऑक्टोबरांत बेळगांव येथें महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. राखीव फौज ही केवळ युद्धाची सोय नव्हे. कोणत्या समाजाचा पाय राज्याच्या उंबरठ्यांत राहावयाचा, तेंही तीच ठरविते.

स्वराज्य आलें. १९४८ सालीं प्रादेशिक सेनेचा कायदा झाला आणि ९ ऑक्टोबर १९४९ रोजीं गव्हर्नर-जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्तें या सेनेचा आरंभ झाला. कल्पना उत्तम होती. शेतकरी, कामगार, मास्तर, वकील यांनीं आपापला धंदा करावा, वर्षांतून ठराविक दिवस कवाईत करावी आणि देशाला गरज पडली म्हणजे गणवेश चढवावा. लोकशाही राज्यांत फौज आणि लोक यांच्यामध्यें भिंत असूं नये, हा त्यांतला खरा अर्थ. १९६२, १९६५ आणि १९७१ या तिन्ही युद्धांत प्रादेशिक सैनिकांनीं चाकरी केली. विमानविरोधी तोफांवर ते होते, पूल आणि कारखाने राखण्यास ते होते. पुढें काश्मिरांतही ते गेले. आज पुण्याची १०१ वी आणि कोल्हापूरची १०९ वी प्रादेशिक पलटण मराठा लाइट इन्फंट्रीशीं जोडलेल्या आहेत. २०१७ सालीं मराठवाड्यासाठीं महार रेजिमेंटशीं जोडलेली १३६ वी पर्यावरण पलटण उभी राहिली. फौजेंतून निवृत्त झालेले जवान तेथें उजाड माळावर झाडें लावतात. २०१८ च्या जानेवारींत दिल्लीच्या उच्च न्यायालयानें बायकांना या सेनेचा दरवाजा बंद ठेवणारी अट काढून टाकली. या सर्व गोष्टी चांगल्या आहेत, आणि चांगल्याला चांगलें म्हणण्यांत आम्हांला कमीपणा वाटत नाहीं.

पण करार कोठें आहे, तें पाहूं. प्रादेशिक सेनेंत येणाऱ्याला सरकार पहिल्यानेंच सांगतें, कीं ही कायमची नोकरी नव्हे, तुझा पोटाचा धंदा तुझ्यापाशीं पाहिजे. ठीक आहे. पेन्शन पाहिजे असेल तर जवानाची प्रत्यक्ष बोलावणीची चाकरी, तुकड्या-तुकड्यांनीं कां होईना, एकूण पंधरा वर्षें भरली पाहिजे. बोलावणें कधीं येईल आणि कधीं घरीं पाठवितील, हें जवानाच्या हातीं नाहीं. चौदा वर्षांवर त्याला घरीं बसविलें तर त्याचा दोष कोणता? त्याला कांहीं रक्कम हातावर मिळेल. पण ती म्हातारपणाची काठी होत नाहीं.

आणि धंद्याचें काय? कायद्याच्या सातव्या कलमाला जोडलेलें एक कलम आहे. त्याप्रमाणें बोलावणीवर गेलेल्या माणसाला परत आल्यावर मालकानें पूर्वींच्या जागीं, पूर्वींपेक्षां वाईट नाहींत अशा अटींवर, घेतलें पाहिजे. वाचावयास किती गोड! पण अधिकाऱ्याचा हुकूम मालकानें मोडला तर दंड किती, हजार रुपयांपर्यंत. शिवाय सहा महिन्यांच्या पगाराएवढी भरपाई. बोईसरच्या औद्योगिक वसाहतींतल्या कारखानदाराला हजार रुपयांची भीति वाटेल काय? तो दंड नव्हे, ती परवानगीची फी झाली. शिवाय हें कलम कंत्राटी पोराच्या कितपत कामाचें?  तारापूर-बोईसरकडे कामाला जाणाऱ्या आमच्या पोरांपैकीं कंत्राटदाराच्या हजेरीपटावर किती आहेत तें घरोघर विचारावें. ज्याचा करार अकरा महिन्यांनीं मोडून पुन्हां लिहितात, त्याला परत घेण्याची हमी कसली? शिरगांवचा पोरगा सीमेवर पहारा करून परत येईल तेव्हां त्याच्या यंत्रावर दुसरा उभा असेल, आणि कंत्राटदार म्हणेल, "तूं आमचा नव्हतासच."

याच सेनेचा दुसरा एक उपयोग आमच्या कामगार बंधूंनीं विसरूं नये. रेल्वेच्या नोकरांच्याही प्रादेशिक तुकड्या केल्या होत्या. १९७४ च्या मे महिन्यांत देशभर रेल्वे कामगारांचा मोठा संप झाला, तेव्हां गाड्या चालत्या ठेवण्यास या तुकड्या बोलाविल्या गेल्या. कामगार म्हणून ज्याचें गाऱ्हाणें तेंच, त्यालाच शिपाई म्हणून हुकूम, कीं आपल्या भावाचा संप मोड. नागरी सत्तेच्या मदतीला जाणें ही त्याच्यावर कायद्यानेंच टाकलेली जबाबदारी. राखीव शिपाई शत्रूविरुद्ध उभा करावयाचा कीं त्याच्याच बिरादरीविरुद्ध, याचा निर्णय सरकार करतें, म्हणून त्या निर्णयावर लोकांचा डोळा पाहिजे.

आणि शिपाई जखमी झाला तर? कुमाऊंकडच्या पर्यावरण पलटणींतल्या एका जवानाची गोष्ट सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांत नमूद आहे. पंचवीस वर्षें नियमित फौजेंत काढून तो पुन्हां प्रादेशिक सेनेंत भरती झाला. रजेच्या काळांत अपघात होऊन त्याचा पाय कापावा लागला. सरकारनें काय म्हणावें? तूं पर्यावरण पलटणीचा, अपंगत्वाचें पेन्शन तुला नाहीं. त्या लंगड्या माणसाला न्यायाधिकरणापासून दिल्लीपर्यंत चढावें लागलें. १७ डिसेंबर २०२१ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिला, कीं तो प्रादेशिक सेनेचाच जवान आहे आणि अपंगत्वाच्या पेन्शनचा हक्कदार आहे. न्याय मिळाला, आनंद आहे. पण जो न्याय एक पाय गमावलेल्या माणसाला दिल्लीपर्यंत चढूनच मिळतो, त्याला हक्क म्हणावें कीं नशीब म्हणावें?

गरज मात्र पुन्हां पडतेच. २०२५ च्या मे महिन्यांत पाकिस्तानशीं झुंज चालू असतां केंद्र सरकारनें अधिसूचना काढली आणि प्रादेशिक सेनेच्या प्रत्येक अधिकाऱ्याला व जवानाला बोलाविण्याचा अधिकार लष्करप्रमुखांस दिला. ३२ पायदळ पलटणींपैकीं १४ पलटणी कामावर लावण्याचें त्यांत होतें. त्या आठवड्यांत वर्तमानपत्रें राखीव जवानाच्या स्तुतीनें भरून गेलीं. क्रिकेटपटूच्या अंगावरचा मानाचा गणवेशही पुन्हां छापून आला. आम्हांला क्रिकेटपटूच्या मानाचा हेवा नाहीं. पण त्याच्या छायाचित्राशेजारीं त्या कलमांतल्या हजार रुपयांच्या दंडाचीही एक ओळ छापावयास हरकत नव्हती.

आणखी एक गोष्ट येथें आली पाहिजे. २०२२ सालीं अग्निपथ योजना जाहीर झाली. चार वर्षांची चाकरी, आणि नंतर फार तर चारांतला एक कायम. बाकीचे तीन ठराविक रक्कम घेऊन, पेन्शनवांचून घरीं. म्हणजे तयार शिपाई गांवोगांव परत यावयाचे. ज्या राज्याला राखीव फौजेची किंमत कळते तें राज्य या पोरांचा आणि आपला संबंध कसा राहील, हें ते परत येण्याच्या आधीं ठरवितें. नुसतें "इतर खात्यांत प्राधान्य देऊं" म्हणणें म्हणजे नांव सोनूबाई आणि हातीं कथलाचा वाळा.

आतां सरकारपक्षाचा मनुष्य म्हणेल, "अहो, राखीव फौज ठेवावयाची तीच मुळीं स्वस्त म्हणून. तिला नियमित फौजेसारखें सर्व दिलें तर ती राखीव कसली?" हा युक्तिवाद वरवर खरा दिसतो, म्हणून त्याला उत्तर देणें जरूर आहे. राखीव फौज खजिन्याला स्वस्त पडते, हें कबूल. पण स्वस्त पडते याचा अर्थ उरलेली किंमत दुसरा कोणी तरी भरतो असा आहे. ती भरतो जवानाचा म्हातारा बाप, जो एकटा शेत ओढतो. भरते त्याची बायको, जी उधारीवर किराणा आणते. दुसरें असें, कीं फसविलेली राखीव फौज मुळींच स्वस्त नसते. पोर्तुगीजांनीं घोड्यांचे पैसे खाल्ले आणि बहुतेक उत्तर प्रांत घालविला. इंग्रजांनीं गडकऱ्यांच्या जमिनीला हात घातला आणि अर्धें वर्ष तोफा ओढल्या. १९१४ सालीं जुनाट यादीवर विसंबून राहिल्याचें मोल नव्या, कच्च्या रंगरुटांनीं परमुलुखांत प्राणांनीं भरलें. आम्ही नियमित फौजेएवढा पगार मागत नाहीं. जेवढे दिवस हांक, तेवढ्या दिवसांचा पुरा हक्क. आणि घरच्या दिवसांत भाकरीला धक्का नाहीं, एवढेंच मागतों.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. पहिली, बोलावणीचा प्रत्येक दिवस पेन्शनच्या हिशेबांत धरावा, आणि पंधरा वर्षें न भरलेल्यालाही भरलेल्या वर्षांच्या मानानें कांहीं निवृत्तिवेतन मिळावें. दुसरी, मालकावरचा दंड आजच्या काळाला शोभेल असा करावा, आणि कंत्राटी कामगाराला परत घेण्याची जबाबदारी कंत्राटदाराबरोबर मूळ कारखान्यावरही टाकावी. तिसरी, २०२१ च्या निकालाप्रमाणें अपंगत्वाचे हक्क प्रत्येक प्रादेशिक जवानाला कोर्टाची पायरी न चढतां मिळावे. चौथी, भरतीच्या जाहिराती इंग्रजी संकेतस्थळावर टाकून मोकळें होऊं नये. त्या मराठींत, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर, आश्रमशाळेंत आणि बोईसरच्या कारखान्यांच्या फाटकांवर लागाव्या. जव्हार-मोखाड्याच्या पोराला खबर लागेपर्यंत मुदत संपली, असें होतां कामा नये.

किनाऱ्यासाठीं एक शब्द जास्त. १९९३ चीं स्फोटकें कोंकणच्या किनाऱ्यावर उतरलीं आणि २००८ सालीं मारेकरी कोळ्यांची होडी पळवून, तिच्यावरचीं माणसें मारून मुंबईस आले. तेव्हांपासून किनाऱ्यावरच्या गांवांतल्या मच्छीमारांना सागर सुरक्षा दलांत घेऊन समुद्रावर नजर ठेवण्यास सांगतात. हा कायद्यानें सैनिक नव्हे, पण काम तेंच, जें गडाखालच्या मेटावरचा पहारेकरी करीत होता. त्याच्या गस्तीची एक रात्र म्हणजे जाळें न टाकलेली एक रात्र. तिचा मोबदला मायबाप सरकारच्या मर्जीवर नव्हे, नियमावर पाहिजे. गडकऱ्याला जमीन दिली होती. या गडकऱ्याला निदान त्याचा किनारा आणि त्याचा बंदराचा हक्क तरी शाबूत ठेवा.

बहुजनसमाजांतील तरुणांसही दोन शब्द सांगतों. या सेनेकडे पाठ फिरवूं नका. मोठा दरवाजा बंद झाला तेव्हां खिडकीनें काय काम केलें, तें वर सांगितलेंच आहे. पण गणवेशाला भुलून आंधळेपणानेंही जाऊं नका. भरतीच्या दिवशीं मिळालेला प्रत्येक कागद जपा. बोलावणीचे आणि घरीं पाठविल्याचे हुकूम एका पिशवींत ठेवा, तारखा लिहून ठेवा. कामावर असाल तर बोलावणीची नक्कल मालकाला देऊन पोंच घ्या. सही करण्यापूर्वीं वाचा, आणि वाचतां येत नसेल तर वाचणाऱ्याला पुढें बसवा. गडकऱ्याची जमीन लेखणीनें गेली, तलवारीनें नव्हे; तुमचा हक्क जाईल तर तोही कागदाच्या अभावींच जाईल.

शिरगांवच्या तटावर आज पहारा नाहीं, आणि तो पुन्हां बसावा अशी कोणाची इच्छाही नाहीं. पण तट दगडांचे असोत कीं कायद्याचे, ते राखणारीं माणसें याच मातींतलीं असतात. लढाईच्या दिवशीं त्यांना 'वीर' म्हणण्यास पैसा लागत नाहीं. लढाई संपल्यावर तिसऱ्या वर्षीं, कोणी टाळ्या वाजवीत नसतां, त्यांची भाकरी शाबूत आहे कीं नाहीं, यावर सरकारची परीक्षा व्हावयाची आहे. पुढच्या निवडणुकींत मतें मागावयास जे कोणी दारीं येतील, त्यांना आमच्या वाचकांनीं हाच एक प्रश्न विचारावा, आणि उत्तर लिहून घ्यावें.